प्रकल्प संपतो, गोळी संपत नाही

आमच्या संस्थेचं जुनं कार्यालय रिकामं करताना माळ्यावर रजिस्टरांचा एक गठ्ठा सापडला. एचआयव्हीबाधित मुलांच्या घरभेटींची ती रजिस्टरं. नावाच्या जागी कोड नंबर, पुढे तारीख, वजन, औषधाचा महिना आणि शेवटी ‘शेरा’. ‘आजीला दिसत नाही, गोळी शेजारीण देते.’ ‘ऊसतोडीला गेले, मुकादमाचा नंबर घेतला.’ ‘पोरगी विचारते, मलाच रोज औषध का?’

एचआयव्हीचा आपला इतिहास बहुधा औषधांचा आणि तारखांचा असतो. १९८६मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून देशातली लागण पहिल्यांदा उघड झाली. १९९२मध्ये ‘नॅको’ स्थापन झाली. १ एप्रिल २००४पासून मोजक्या सरकारी रुग्णालयांत एआरटी मोफत मिळू लागली, मुंबईचं जे.जे. त्यांतलं एक. मुलांसाठी वेगळा राष्ट्रीय उपक्रम आला तो ३० नोव्हेंबर २००६ला. तोवर मोठ्यांच्या गोळ्या मोडून मुलांचा डोस जमवावा लागे.

या तारखा खऱ्याच आहेत, आणि त्यांनी जीव वाचवले. पण गोळी जिल्ह्याच्या गावी आली म्हणजे ती वाडीवरच्या मुलाच्या पोटात गेली, असं होत नाही. मोठा माणूस स्वतः एसटीत बसून येतो. मुलाला कुणीतरी आणावं लागतं. आईबाप नसले तर ते काम आजीवर येतं, आणि आजीची त्या दिवसाची मजुरी बुडते. मूल वाढतं तसा डोस बदलतो, म्हणून वजन वेळच्या वेळी व्हायला हवं. आठ-दहा वर्षांचं झालं की ते प्रश्न विचारतं. त्याचं उत्तर ओपीडीच्या रांगेत देता येत नाही.

हे काम उचललं ते स्थानिक माणसांनी. सांगलीत १९९२मध्ये ‘संग्राम’ सुरू झाली आणि तिच्यातूनच १९९६मध्ये वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. बाधितांनीच चालवलेलं राष्ट्रीय नेटवर्क १९९७मधलं. पंढरपूरला मंगलताई शहा यांनी अशा मुलांसाठी ‘पालवी’ हे घर उभं केलं. आमच्यासारख्या लहान संस्था त्यांच्या मागून आल्या, आणि बहुतेक जणी आल्या त्या प्रकल्पाच्या पैशावर.

प्रकल्पाला मुदत असते. आमच्या शेवटच्या रजिस्टरात प्रत्येक कोडपुढे एकच शेरा आहे: ‘फाइल एआरटी सेंटरकडे सुपूर्द.’ अक्षर माझं आहे.

कोड ४१ हा नऊ वर्षांचा मुलगा. दोन गाड्या बदलून आजीबरोबर यायचा, भाडं प्रकल्पातून मिळायचं. ते थांबलं आणि चौथ्या महिन्यात येणंही थांबलं. आमच्या एक जुन्या कार्यकर्त्या ताई स्वतःच्या पैशाने त्याच्या घरी गेल्या, तेव्हा त्याला टीबी झाला होता. तो वाचला. शाळेचं वर्ष गेलं.

पुष्कळ दिवस मी ही गोष्ट ताईंच्या चांगुलपणाची म्हणून सांगत असे. आता तसं सांगताना अवघडल्यासारखं होतं. एका बाईच्या चांगुलपणावर मूल जगत असेल, तर आम्ही इतकी वर्षं उभं काय केलं? मासिक अहवाल भरण्यात आम्ही तरबेज झालो होतो. पण पालकांचा गट नव्हता, गटाचं खातं नव्हतं, ग्रामपंचायतीत आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. पैसा आमच्या हातून गेला, पण गावात मुरला नाही.

नंतरची शिकवण साधी होती. आजी, मावश्या, थोरल्या बहिणी यांची महिन्याची बैठक सुरू केली. बचत गटासारखी थोडी वर्गणी ठेवली. पाळीपाळीने एक जण चार मुलांना घेऊन सेंटरला जाऊ लागली. बालसंगोपन योजनेचे अर्ज गटातल्याच मुली भरू लागल्या. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने, जो सप्टेंबर २०१८मध्ये लागू झाला, घर सांभाळणाऱ्या बारा वर्षांवरच्या समंजस भावंडालाही धाकट्याचं पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार आणि बँक खात्यासाठी उभं राहता येतं. पण हे कलम कुणीतरी घरी जाऊन सांगावं लागतं.

राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाचवा टप्पा, २०२१ ते २०२६, पूर्णपणे केंद्राच्या पैशावर आखला गेला. गोळीची तरतूद सरकारी अंदाजपत्रकात आली, हे मोठंच यश. सोबतीचं तसं नाही. बाधितांना आधार देणाऱ्या केंद्रांचा ‘विहान’ कार्यक्रम २०१३मध्ये सुरू झाला तोही ग्लोबल फंडाच्या मदतीवर. मदतीला मुदत असते आणि एआरटी जन्मभर घ्यायची असते. हे अंतर भरायचं तर गावातल्या गटाला थोडा पण नेमाने येणारा पैसा हवा, आणि तो कसा खर्चायचा हे ठरवायचा हक्कही.

रजिस्टरं मी रद्दीत घातली नाहीत. गुप्ततेसाठी कुलपात ठेवली आहेत. नवीन रजिस्टर मात्र आता आमच्याकडे नसतं. ते गटातल्या एका आजीच्या घरी असतं, आणि शेरा तिची नात लिहिते.