दौलताबादचा कोरा पत्रा

मुंबई-नागपूर जुना महामार्ग बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा गावातून जातो आणि रस्त्याच्या कडेलाच राजे लखुजी जाधवरावांचा वाडा आहे. 12 जानेवारीला, त्यांच्या कन्या जिजाऊंच्या जयंतीला, इथं पाय ठेवायला जागा नसते. आज आषाढातली दुपार आहे, आभाळ भरून आलंय, गर्दी नाही. तुम्ही वाडा बघितला, रंगमहाल बघितला, पुतळा बारवेतल्या मूर्तींवरून नजर फिरवली, आणि आता लखुजीराजांच्या दगडी समाधीपाशी उभे आहात.

इथं कोण विसावलंय ते तुम्हाला पाठ आहे. 25 जुलै 1629. दौलताबादचा किल्ला, निजामशाही दरबार. लखुजीराजे मुजऱ्याला गेले आणि तिथंच दगा झाला. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी ही दोन मुलं पडली, नातू यशवंतराव पडला. एकाच दिवशी एका घराच्या तीन पिढ्या. जिजाऊंना माहेराकडून आलेली बातमी ही अशी होती, आणि त्यानंतर सात महिन्यांच्या आत, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, शिवनेरीवर शिवराय जन्मले.

आता डोळे मिटा आणि तो दरबार बघा. काय दिसतं? फार तर एखाद्या मालिकेतला नट, त्याची चिकटवलेली मिशी, मागे पुठ्ठ्याचे खांब. घटना ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे, नावं ठाऊक आहेत, चित्र नाही. समाधीच्या दगडावर टेकलेला तुमचा हात तसाच राहू द्या. दगड हळूहळू गुळगुळीत होतोय, तळव्याला गार लागतोय. डोळे उघडाल तेव्हा हाताखाली तांबं असेल.

तुम्ही लंडनमध्ये आहात, ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या जेम्स बझायरच्या कारखान्यात. साल 1774. आधी वास येतो: तापलेलं मेण, जवसाच्या तेलातली काळी शाई, आणि घशाला झोंबणारं तेजाब. खिडकीवर तेल पाजलेला कागद ताणून बसवलाय, म्हणून उजेड मऊ पडतो आणि घासलेलं तांबं डोळ्यांवर चमकत नाही. कुणी बोलत नाही. कोरणीखाली तांबं सुटतं त्याचा बारीक किरकिर आवाज तेवढा येतो.

टेबलाजवळ जा. पत्र्यावर मेणाचा पातळ थर आहे, धुरावर धरून तो काळा केलाय. कारागीर त्यावर सुईने रेघ ओढतो. मेण खरवडलं की खालून तांबूस रेघ उघडी पडते. मग पत्र्याला कडेने मेणाची भिंत घालून आत तेजाब ओततात. उघड्या रेघांवर बुडबुडे येतात, आम्ल तांबं खातं. हलकी रेघ हवी तिथं काम लवकर थांबवतात, गडद हवी तिथं जास्त वेळ खाऊ देतात. एवढं झालं की खरी मेहनत सुरू होते. पोलादी कोरणीची मूठ तळहातात धरून कारागीर ती पुढे ढकलतो आणि डाव्या हाताने चामड्याच्या उशीवरचा पत्रा फिरवतो. वळण रेघेला देत नाहीत, पत्र्याला देतात. गाल गोल दिसावा म्हणून रेघ मध्ये जाड होते, कडेला केसाएवढी उरते. सगळं उलटं कोरायचं असतं. उजवा हात डावा होतो, अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात. म्हणून मूळ चित्र आरशात बघत काम चालतं.

समोरच्या मोठ्या पत्र्यावर काय आहे ते ओळखायला वेळ लागतो, इतकी त्यात गर्दी आहे. घोडेस्वार, तंबू, उभा केलेला तात्पुरता राजवाडा, त्याच्यापुढे मद्य वाहणारं कारंजं, वर आकाशात उडणारा एक ड्रॅगन. जून 1520 मध्ये इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस कॅले शहराजवळ भेटले, ती ही भेट. मूळ चित्र भेटीनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी रंगवलं गेलं. त्यातला हेन्रीच्या डोक्याचा तुकडासुद्धा वेगळा बसवलेला आहे. आता अडीचशे वर्षांनंतर लंडनच्या 'सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज'ला वाटलं की हा प्रसंग पत्र्यावर उतरायला हवा, आणि एकाच अखंड कागदावर छापायला हवा. एवढा कागदच तेव्हा मिळत नव्हता. म्हणून केंट परगण्यातल्या जेम्स व्हॉटमनच्या गिरणीत खास साचा बनवून तो काढला गेला: सुमारे साडेचार फूट लांब, अडीच फुटांहून थोडा जास्त रुंद, हाताने केलेला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोन राजांच्या भेटीचं चित्र छापायचं म्हणून कागद करणाऱ्याने आपला साचा बदलला.

कोपऱ्यात सोळा वर्षांचा एक मुलगा मान खाली घालून बसलाय. विल्यम ब्लेक. चौदाव्या वर्षी, 1772 मध्ये, सात वर्षांच्या उमेदवारीवर तो इथं आला. पुढे कवी आणि चित्रकार म्हणून त्याचं नाव होईल. आज त्याच्या बोटांना शाई आहे. बझायर त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पाठवतो, जुन्या राजाराण्यांच्या थडग्यांवरच्या मूर्ती रेखाटायला. याच वर्षी, 2 मे रोजी, तिथं पहिल्या एडवर्डचं थडगं उघडलं गेलं. 1307 मध्ये वारलेला राजा राजवस्त्रांत तसाच निजलेला होता. मापलं तर सहा फूट दोन इंच भरला. त्या दिवशीची काही रेखाटनं ब्लेकची मानली जातात. अभ्यासकांनी बघितलं, मापं घेतली, थडगं पुन्हा बंद केलं. राजाचा पोशाख कसा होता हे अंदाजाने सांगायचं नाही, जाऊन बघायचं, हा त्यांचा आग्रह होता.

हे 1774 साल तुम्हाला दुसरीकडूनही ठाऊक आहे. आदल्या वर्षी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आणि या एप्रिलच्या 18 तारखेला पुरंदरावर त्यांचा मुलगा जन्मला, सवाई माधवराव. ग्रेट क्वीन स्ट्रीटवर हेन्रीच्या घोड्याची शेपटी कोरली जातेय, त्याच महिन्यांत पुण्यात राजकारण पेटलंय. पुण्यात तांब्याचं काम जाणणारी माणसं नव्हती असं नाही. तांबट आळीत दिवसभर हातोड्या चालत होत्या. आपण शतकानुशतकं ताम्रपट कोरले. गाव दान दिलं, हद्द कुठून कुठवर, कुणी मोडलं तर कोणतं पाप. पण तो पत्रा एकट्याचा असे, घरात जपून ठेवायचा. त्याला शाई लावून त्याच्या शेकडो प्रती काढाव्यात, ही कल्पना फार उशिरा आली. नाना फडणवीसांच्या काळात पुण्याच्या एका तांबटाने कोरणीची ही विलायती विद्या उचलली, आणि 1805 मध्ये मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्यावर कोरलेली भगवद्गीता छापली गेली. हात तयार होते. लखुजीराजांचा दरबार कोरायला कुणी त्यांना सांगितलं नाही.

सोळा वर्षं पुढे चला. 1790, लंडनचाच पॅल मॅल रस्ता. जॉन बॉयडेलची शेक्सपिअर चित्रशाळा मागच्या मे महिन्यात उघडली आहे. बॉयडेल स्वतः कोरणीचा माणूस, छापील चित्रांच्या धंद्यावर वर चढला आणि याच वर्षी लंडनचा लॉर्ड मेयर झाला. भिंतींवर तैलचित्रं आहेत, पण बॉयडेलची खरी मिळकत त्यांवरून काढलेल्या छाप्यांची. श्रीमंताने एक तैलचित्र घेतलं तर ते एका दिवाणखान्यात राहतं. छापा वकिलाच्या घरी जातो, खानावळीत जातो, जहाजातून परदेशी जातो.

एका छाप्यापुढे थांबा. जेम्स नॉर्थकोटच्या चित्रावरून फ्रान्सिस लेगाटने कोरलेला, नुकताच बाहेर पडलेला. दोन मुलं एकमेकांना बिलगून झोपली आहेत आणि दोन मारेकरी त्यांच्यावर वाकले आहेत. 1483 सालची ही गोष्ट. पाचवा एडवर्ड बारा वर्षांचा, त्याचा भाऊ रिचर्ड नऊ वर्षांचा. लंडनच्या टॉवरमध्ये काकाने ठेवलेले, आणि मग कुणाला कधीच न दिसलेले. काका तिसरा रिचर्ड म्हणून गादीवर बसला.

लेगाटने काय केलंय ते नीट बघा. मुलांच्या गालांवर रेघा इतक्या विरळ आहेत की तिथं कागदच उजळतो. मारेकऱ्यांवर रेघांवर रेघा, आडव्या, उभ्या, तिरप्या, काळोख साठत गेलेला. अजून घाव पडलेला नाही. चित्रकाराने घावाच्या आधीचा क्षण धरलाय, म्हणून बघणाऱ्याचा हात नकळत पुढे होतो, थांबवायला. तुमचाही झाला.

आणि आता मला तुम्हाला एक सांगायचंय, ज्यासाठी तुम्हाला एवढ्या लांब आणलं. या खुनाचा पुरावा नाही. मुलं दिसेनाशी झाली हे खरं. कुणी मारलं, कसं मारलं, कुठल्या खोलीत, यावर इंग्लंडचे इतिहासकार आजही भांडतात. 1674 मध्ये टॉवरच्या एका जिन्याखाली हाडं सापडली, ती त्यांचीच मानून ॲबीत ठेवली गेली, वाद मिटला नाही. तरीही त्या देशातलं शाळकरी पोर हा प्रसंग डोळ्यांपुढे आणू शकतं, कारण नॉर्थकोटने तो मांडला आणि लेगाटने कोरला. त्यांच्याकडे घटनेची खात्री नव्हती, चित्र होतं. सिंदखेडकडे तारीख आहे, ठिकाण आहे, चार नावं आहेत, दगडाची समाधी आहे. चित्र नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि ते लपवावं असं वाटत नाही.

बॉयडेलचे पुढे हाल झाले. फ्रान्सशी युद्ध पेटलं, युरोपातला बाजार बंद झाला, सगळी चित्रं सोडतीत काढावी लागली. सोडतीची 22,000 तिकिटं विकली गेली, पण ती निघण्याआधीच, डिसेंबर 1804 मध्ये, तो वारला. छापे मात्र घराघरांत पोचले होते. आपल्याकडे इतिहासातल्या माणसांची छापील चित्रं भिंतीवर यायला पुण्याच्या चित्रशाळेची वाट बघावी लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ती 1878 मध्ये काढली, तिथं दगडावरून छपाई होई. नाना फडणवीस लोकांच्या घरात आले ते तिथून.

आता दौलताबाद. 25 जुलै 1629, पावसाळी हवा. चाँद मिनार उभा आहे, त्याला दोनशे वर्षं होत आली. खंदकात पाणी आहे. तुमच्या काखेत कोरा पत्रा आहे आणि बझायरच्या कारखान्यात जे शिकलात ते हातात आहे. दरबारात शिरू नका. शिरलात तर मी तुम्हाला जे दाखवीन ते माझं रचलेलं असेल. बाहेर उभे राहून कारागिरासारखा विचार करा.

क्षण कुठला धरायचा? तलवारी उपसल्या तो धरला तर चित्र लढाईचं होईल, आणि ही लढाई नव्हती. नॉर्थकोटसारखं आधीचं धरा: चौघं मुजऱ्याला वाकलेले. त्यांना ठाऊक नाही, बघणाऱ्याला ठाऊक आहे. मध्यभागी लखुजीराजे ठेवा, कारण हा साधा सरदार नव्हे. कधी निजामशाहीकडे, कधी मोगलांकडे, ज्याच्या बाजूला तो जाई ती बाजू जड होई, आणि दरबाराला त्याची भीती वाटत होती ती याचमुळे. पण सगळ्यात विरळ रेघा नातवासाठी राखा. उजेड यशवंतरावावर पडू द्या.

पोशाखासाठी अंदाज नको. दख्खनी चित्रांत त्या काळचे जामे, पटके, पगड्या बघायला मिळतात. ब्लेक ॲबीत बसला तसे तुम्ही संग्रहालयात बसा. खांब, कमानी, पायऱ्या किल्ल्यावर जाऊन मोजा. चेहऱ्यांचं काय? राजांच्या चित्रासाठी जिवंत माणसं समोर बसवायची रीत विलायतेत होतीच. तुम्हाला लांब जायला नको. देऊळगावराजा, मेहकर, लोणार, चिखली, कुठल्याही आठवडी बाजारात उभे राहा. उन्हाने रापलेले, रुंद कपाळाचे, ताठ मानेचे म्हातारे दिसतील आणि त्यांच्या शेजारी मिसरूड फुटलेली नातवंडं दिसतील. परवानगी मागा आणि रेखाटून घ्या.

दुसरा पत्राही लागेल. लखुजीराजांची पत्नी म्हाळसाबाई आणि भाऊ जगदेवराव मागे उरले, आणि ते सिंदखेडकडे निघाले. चार माणसं गमावलेलं एक घर, पावसात, आपल्या गावाकडे वळलेलं. दरबार कोरायला लंडनचा लेगाटही चालला असता. हा दुसरा पत्रा बुलढाण्याच्या माणसानेच कोरावा, कारण त्यातला रस्ता त्याच्या पायाखालचा आहे.

चित्राखालची ओळ आधी आखून घ्या, कारण तेवढंच आज पक्कं हातात आहे. स्थळ आणि तारीख वर, खाली चार नावं. देवनागरी उलटी कोरायची म्हणजे शिरोरेघ आधी ओढायची आणि अक्षरं उजवीकडून टांगत जायची. लखुजी, अचलोजी, राघोजी. यशवंतराव हे नाव सगळ्यांत लांब आहे. त्याच्यासाठी जागा मोजून ठेवा, म्हणजे कडेला दाटी होणार नाही.