पोळे न मोडता मध : मधयंत्राचा इतिहास आणि हौशी मधुपालकाची निवड



ज्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना हाताने केलेल्या कामाचा मोठा आदर होता. म्हणून राजेरजवाड्यांचा किंवा लढायांचा इतिहास न सांगता एका साध्या यंत्राचा इतिहास सांगावा, असे मी ठरविले. मी इतिहासाचा अध्यापक. घरामागील परसात सातेरी माश्यांच्या दोन पेट्या गेली काही वर्षे बाळगून आहे. बेळगाव-खानापूर भागातील अनेक तरुण अलीकडे हौसेने पेट्या ठेवू लागले आहेत. "मध काढण्याचे यंत्र कोणते घ्यावे?" हा प्रश्न ते मला वारंवार विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराच्या दरपत्रकापेक्षा इतिहासात अधिक चांगले सापडते, असे माझे मत आहे.

मध आपल्याला नवा नाही. सुश्रुतसंहितेत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक असे मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत. परंतु मध मिळविण्याची रीत मात्र शतकानुशतके एकच राहिली. धूर करावयाचा, माश्या उठवावयाच्या, पोळे कापावयाचे आणि फडक्यात घालून पिळावयाचे. त्या पिळण्यात मधाबरोबर परागही येई, अळ्याही चिरडल्या जात आणि मध लवकर आंबे. युरोपातही याहून निराळी स्थिती नव्हती. तेथे गवताच्या टोपलीत माश्या पाळीत आणि हंगामाच्या शेवटी गंधकाच्या धुराने संपूर्ण वसाहत मारून मध काढीत. एका हंगामाच्या मधासाठी घर आणि घरातील माणसे दोन्ही नाहीशी करावयाची, असा तो व्यवहार होता.

यात पहिला बदल घडविला तो अमेरिकेतील लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या पाद्र्याने. पेटीचे भाग आणि चौकटी यांमध्ये सुमारे तीन अष्टमांश इंच मोकळी जागा ठेवली, तर माश्या तेथे ना मेण भरतात, ना डिंक. ती जागा त्या वाट म्हणून सोडतात, ही गोष्ट त्याने 1851 मध्ये उपयोगात आणली आणि 1852 मध्ये आपल्या पेटीचे पेटंट घेतले. आता चौकट सहज उचलून पाहता येऊ लागली. 1857 मध्ये जर्मनीत योहान्नेस मेहरिंग याने मेणपत्रा तयार केला. त्यावर माश्या सरळ व सारखे पोळे बांधू लागल्या. तरीही प्रश्न उरलाच. चौकट बाहेर आली, पण मध बाहेर काढावयाचा तर पोळे मोडणेच भाग होते.

हे कोडे सुटले 1865 मध्ये. फ्रान्झ फॉन ह्रुश्का हा ऑस्ट्रियाच्या सैन्यातील अधिकारी व्हेनिसच्या परिसरात माश्या पाळीत असे. तो प्रदेश त्या वेळी ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. मुलाने पोळ्याचा तुकडा भांड्यात ठेवून ते दोरीने गरगर फिरविले आणि मध भांड्याच्या कडेला जमला, हे पाहून बापाला कल्पना सुचली, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्या वर्षी ब्रुन्न येथील मधुपालकांच्या संमेलनात त्याने आपले फिरते यंत्र मांडले, हे मात्र निश्चित. त्याच ब्रुन्नमध्ये त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावरील आपले प्रयोग वाचून दाखविले होते. हा मेंडेलही पुढे मठात माश्या पाळीत असे. एका गावाने एका वर्षात दोन थोर कल्पना ऐकल्या. एकीकडे जगाने पस्तीस वर्षे दुर्लक्ष केले आणि दुसरी मात्र लवकरच युरोप-अमेरिकेत पसरली.

यंत्राचे तत्त्व ताक घुसळणाऱ्या गृहिणीलाही समजेल असे आहे. घरांवरील मेणाची झाकणे सुरीने काढावयाची, चौकट जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावयाची आणि पिंजरा पिंपात फिरवावयाचा. मध बाहेरच्या बाजूस फेकला जातो, पिंपाच्या भिंतीवरून ओघळतो आणि तळाच्या तोटीतून गाळणीत येतो. रिकामे पोळे जसेच्या तसे पेटीत परत जाते. एक किलो मेण घडविण्यासाठी माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्चावा लागतो, असे सर्वसाधारणपणे मानतात. यावरून पोळे वाचविणे म्हणजे काय वाचविणे, हे ध्यानात यावे.

आपल्या देशात चौकटीच्या पेट्यांचे प्रयत्न 1880 नंतर बंगाल व पंजाबात झाले. पण परदेशी माप आपल्या लहान चणीच्या सातेरीला मानवेना. 1911 ते 1917 या काळात दक्षिणेत रेव्हरंड न्यूटन यांनी सातेरीला योग्य अशी लहान पेटी सिद्ध केली आणि खेड्यांतील लोकांना शिकविले. पुढे शेतीविषयक शाही आयोगाने 1928 मध्ये या उद्योगाचा पुरस्कार केला. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योगाच्या चळवळीने तो महाबळेश्वरसारख्या डोंगरी भागांत रुजविला आणि 1962 मध्ये पुण्यास केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. युरोपीय मेलिफेरा माशीही 1960 नंतरच्या दशकात उत्तरेत स्थिरावली. म्हणून आज बाजारात दोन मापांची यंत्रे दिसतात. लँगस्ट्रॉथच्या मोठ्या चौकटीचा पिंजरा सातेरीच्या लहान चौकटीला ढिला पडतो, चौकट आत हलते आणि पोळे तुटते. निवडीचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, तर "माझी माशी कोणती?" हा होय.

दुसरा प्रश्न रचनेचा. ह्रुश्काच्या परंपरेतील यंत्रात चौकटीची सपाट बाजू पिंपाकडे असते. एका वेळी एकच बाजू रिकामी होते, मग चौकट उलटावी लागते. दुसऱ्या जातीत चौकटी चाकाच्या आऱ्यांसारख्या, वरची पट्टी बाहेर करून ठेवतात. पोळ्यातील घरे त्या पट्टीकडे किंचित चढती असल्यामुळे दोन्ही बाजूंचा मध एकदम निघतो. परंतु त्यासाठी मोठे पिंप आणि पुष्कळ चौकटी हव्यात. चार-दोन पेट्यांच्या मालकास पहिली, दोन किंवा चार चौकटींची हातयंत्राची जात पुरेशी आहे. मात्र वेग सांभाळावा. फिरविण्याचा वेग दुप्पट केला की पोळ्यावरील ओढ चौपट होते आणि नवे कोवळे पोळे जाळीवर फाटते. प्रथम एक बाजू अर्धी रिकामी करावी, मग चौकट उलटून दुसरी बाजू पूर्ण काढावी आणि शेवटी पहिली संपवावी.

तिसरा प्रश्न धातूचा. मध आम्लधर्मी असतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर तो राहिला की धातू त्यात उतरतो. म्हणून पैसे थोडे अधिक पडले तरी पोलादाचे न गंजणारे पिंप घ्यावे. दातेरी चाके मधाच्या वर, झाकलेली आणि तोटी तळाशी अगदी सपाट असावी.

आणि चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सातेरीच्या पेटीतून वर्षाला पाच-सात किलो मध आला तरी मी तो भरपूर मानतो. एवढ्यासाठी प्रत्येकाने यंत्र घेण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून एक चांगले यंत्र घ्यावे आणि ते शाळेत ठेवावे. यंत्र हाती आले की अधिक काढण्याचा मोह होतो. 1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड रोगाने दक्षिणेतील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. त्या धक्क्यातून सावरलेली ही माशी आपल्या रानातील फळझाडांचे परागीभवन करते. पावसाळ्यात फुले नसतात, तेव्हा तिला आपला साठा लागतो. म्हणून पिलाव्याच्या कोठीला हात लावू नये. मधकोठीतीलही तीन चतुर्थांश घरे झाकली गेल्यावरच चौकट काढावी; कच्चा मध पाणीदार असतो व आंबतो.

मधयंत्राने माणसाला माशीचे घर न मोडता तिच्याकडून घेता येऊ लागले. किती घ्यावे, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते ठरविण्याचे काम आपलेच आहे.