‘वात’ या एका नांवाखालीं

घरांत कोणाचा गुडघा धरला, कंबर आखडली, किंवा सकाळीं उठल्यावर हाताची मूठ वळेनाशी झाली, म्हणजे वडील माणसांच्या तोंडून निदान बहुधा एकच निघतें : “वाताचें आहे, दुसरें काय असणार!” मग निर्गुडीचा पाला, तेलाची वाटी आणि शेकण्याची शेगडी पुढें येते. हा शब्द आपण इतका सैल वापरतों, याचा दोष जुन्या ग्रंथकारांकडे मात्र जात नाहीं. त्यांनीं दुखण्यादुखण्यांतील भेद नीट पाहिला होता. घरगुती व्यवहारांत तो पुसून टाकणारे आपणच.

चरकसंहितेंतील गृध्रसीचें वर्णन पहावें. वेदना कुल्ल्यापासून निघून कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी अशी क्रमानें पावलापर्यंत उतरते, असें तेथें सांगितलें आहे. ज्यास ती एकदां झाली असेल, तो हें वाचून मान डोलावील. वातरक्ताला त्याच ग्रंथांत निराळा अध्याय आहे. नाजूक प्रकृतीच्या, वाटेल तसें खाणाऱ्या आणि चालण्याफिरण्याचा कंटाळा करणाऱ्या माणसांस तें होतें, व त्याचें एक नांव ‘आढ्यवात’, म्हणजे सधनांचा वात, असें दिलें आहे. पुढें सुमारें सातव्या-आठव्या शतकांत माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत आमवातास स्वतंत्र प्रकरण दिलें. या तीन दुखण्यांस आजच्या तीन रोगांचीं नांवें चिकटविण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरलेला बरा. वातरक्त व गाउट यांच्या वर्णनांत साम्य पुष्कळ आहे, पण साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. दुखणें कोठून निघालें, कोणास झालें व कसें पसरलें, हे प्रश्न त्या ग्रंथकारांनीं विचारले, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

युरोपांतही गोंधळ कमी नव्हता. शरीरांतील दूषित द्रव सांध्यांत उतरतात अशी तेथें समजूत होती. ‘गाउट’ हें नांवच थेंब या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलें. थॉमस सिडनॅम या इंग्रज वैद्यानें १६८३ सालीं या रोगावर ग्रंथ लिहिला, तेव्हां तो स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ तो भोगीत होता. रोगी सुखानें झोपीं जातो, मध्यरात्रीनंतर पायाच्या अंगठ्याच्या ठणक्यानें जागा होतो, आणि पांघरुणाचें ओझेंही त्यास सोसत नाहीं, हें त्याचें वर्णन आजही जुनें वाटत नाहीं. कारण मात्र त्यास सांपडलें नाहीं. गंमत अशी, कीं तें कारण चारच वर्षांपूर्वीं एकाच्या डोळ्यांपुढें येऊन गेलें होतें. लेव्हेनहुक यानें १६७९ सालीं गाउटच्या खडूसारख्या गांठींतील पदार्थ सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां त्यास सुईसारखे स्फटिक दिसले. पण ते कशाचे, हें कळण्यास त्याजवळ साधन नव्हतें. शेले या रसायनशास्त्रज्ञानें १७७६ सालीं मूतखड्यांतून यूरिक आम्ल वेगळें काढलें, वॉलॅस्टननें १७९७ सालीं तेंच गाउटच्या गांठींत दाखविलें, आणि १८४८ सालीं लंडनच्या आल्फ्रेड गॅरडनें तें रोग्याच्या रक्तांत सिद्ध केलें. त्याची धाग्याची कसोटी अगदीं साधी : रक्तांतील पातळ भाग काचेच्या बशींत घ्यावा, थोडें आम्ल घालावें, त्यांत एक धागा सोडावा, व त्यावर स्फटिक जमतात का तें पहावें.

या कसोटीमुळें जें गाउट नव्हे तेंही ओळखतां येऊं लागलें. लांद्रे-बोव्हे यानें १८०० सालीं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील गरीब स्त्रियांच्या सुजलेल्या सांध्यांचें वर्णन केलें होतें. पण श्रीमंतांचा म्हणून गाजलेला गाउटच या बायकांस निराळ्या रूपानें झाला, असें त्यानें मानलें. गॅरडनें १८५९ सालीं त्या दुखण्यास ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस’ हें स्वतंत्र नांव दिलें. यांत शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांवर उलटते, हें विसाव्या शतकांत समजलें. माझ्या आत्याबाईंचीं बोटें याच रोगानें वांकडीं झालीं. औषधाचा खरा उपयोग आरंभींच्या काळांत होतो. त्यांचीं पहिलीं दोन वर्षें तेल चोळण्यांत गेलीं.

पाठीच्या दुखण्याचा इतिहास याहून संथ. सायटिका हें नेहमींच सांध्याचें दुखणें नसून मज्जातंतूचेंही असतें, असें नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यानें १७६४ सालीं दाखविलें. परंतु तो तंतु दबतो कशानें, याचें समाधानकारक उत्तर बॉस्टनच्या मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं १९३४ सालीं दिलें : दोन मणक्यांमधील चकती फुटून बाहेर येते व ती तंतूवर दाब देते. मध्यें १७० वर्षें गेलीं. पुढें मात्र कोणत्याही कंबरदुखीचें खापर चकतीवर फुटूं लागलें. १९९० सालीं अमेरिकेंत, पाठदुखी कधींच न झालेल्या ६७ जणांच्या कण्याचीं एमआरआय चित्रें प्रसिद्ध झालीं, तेव्हां साठीच्या आंतील पांचांपैकीं एकाची चकती सरकलेली निघाली! एका सैल शब्दाच्या जागीं दुसरा बसला होता.

आपल्याकडे याहून जपण्याजोगें एक दुखणें आहे. पाठीला कुबड येऊन पाय लुळे पडणाऱ्या रोग्यांचें वर्णन लंडनच्या पर्सिव्हल पॉट यानें १७७९ सालीं केलें. १८८२ सालीं कॉख यानें क्षयाचे जंतु शोधले, आणि मणक्याच्या या विकाराचें मूळ पुढें निश्चित झालें. वेळीं ओळखल्यास बहुतेक रोगी अनेक महिने घेतलेल्या औषधांनीं बरे होतात. उशीर झाल्यास पाय जाण्याची भीति असते. तरीही रात्रीं ठणकणारी पाठ, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरत जाणारें वजन हीं लक्षणें सांगणाऱ्या तरुण माणसासही अजून कित्येक घरांतून प्रथम निर्गुडीचाच पाला बांधला जातो.