उमरा कापूस: वऱ्हाडातून लिव्हरपूलला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाच्या एका प्रतीला ‘उमरा’ म्हणत. हा शब्द उमरावतीचा, म्हणजे अमरावतीचा. परदेशी व्यापाऱ्यांनी गावाचे नाव आपल्या जिभेला सोयीचे करून गठाणीवर छापले आणि वऱ्हाड-खानदेशात पिकणारा बराचसा कापूस त्याच नावाने विकला जाऊ लागला.

कापूस वऱ्हाडाला इंग्रजांनी शिकवलेला नाही. काळ्या कसदार जमिनीत तो कित्येक शतके होत होता. घरोघरी बायका सूत कातत आणि कोष्टी व साळी ते विणत. उरलेला कापूस बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे सुमारे ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला नेत, तेथून तो गंगेतून बंगालकडे जाई. वाटेत पाऊस, धूळ आणि चोर यांचा वाटा ठरलेलाच असे. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीवाल्यांनी वऱ्हाडचा कापूस प्रथम मुंबईकडे वळवला. ब्रिटिश सत्ता वऱ्हाडात येण्याच्या पाव शतक आधी हे घडले, याची नोंद ठेवायला हवी. व्यापाराची दिशा बदलण्याचे सगळे श्रेय नंतर रेल्वेला मिळाले.

१८५३ साली दोन गोष्टी पाच आठवड्यांच्या अंतराने घडल्या. १६ एप्रिलला मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. २१ मे रोजी हैदराबादच्या निजामाने कंटिन्जंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिले. त्याच वर्षीच्या रेल्वेविषयक टिपणात गव्हर्नर जनरल डलहौसीने इंग्लंडला हिंदुस्थानच्या कापसाची गरज असल्याचे स्पष्ट लिहिले होते. लँकेशायरच्या गिरण्या बहुतांशी अमेरिकी कापसावर चालत होत्या आणि एकाच देशावर विसंबण्याची भीती मँचेस्टरच्या गिरणीमालकांना कधीपासून होती. कापसाचा मुलूख हाती आला आणि तिकडे जाणारा लोहमार्गही आखला गेला.

ती भीती १८६१ मध्ये खरी ठरली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मुंबईत कापसाचा भाव काही पटींनी चढला. गाद्या-उशा फोडून त्यातला कापूस विकल्याच्या आणि शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा या काळातल्या आहेत. चांदीच्या धावा किती चाकांना लागल्या असतील याबद्दल शंका घ्यायला जागा आहे, पण अशा कथा पसरण्याइतका पैसा मात्र खराच आला. त्याचा मोठा हिस्सा मुंबईतच थांबला. कापूस-दलाल प्रेमचंद रायचंद यांच्याभोवती शेअरबाजाराचा उन्माद वाढला, समुद्र भरून जमीन काढण्यासाठी कंपन्या निघाल्या आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी येताच सगळे कोसळले.

गंमत अशी की ज्या तेजीसाठी रेल्वे हवी होती, त्या तेजीत वऱ्हाडला ती पुरती मिळालीच नाही. थळ घाटातला मार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि वऱ्हाड ओलांडून गाडी नागपूरला पोहोचायला १८६७ उजाडले. तेजीतला बराचसा माल बैलगाड्यांनीच घाट उतरला. रेल्वे आली ती पडत्या भावात, आणि तिच्यामुळे कापूस कमी न होता वाढला. जलंबहून खामगावला जाणारी छोटी शाखा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय आला, यावरून खामगावच्या कापूस बाजाराचे वजन कळते. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची गाडीही कापसासाठीच धावू लागली. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणू लागले.

सरकारला हवा होता लांब धाग्याचा, स्वच्छ कापूस. वऱ्हाडात ‘बनी’ नावाची बारीक धाग्याची जात होती आणि हिंगणघाटचा कापूस तर नावाजलेला होता. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याला कापूस आयुक्त नेमून बियाणे सुधारण्याचे प्रयत्न झाले. मुंबई इलाख्यात १८६३ चा भेसळविरोधी कायदाही होता, कारण गठाणीत पाणी, सरकी आणि माती मिसळण्याचे प्रकार सर्रास चालत. एवढे करूनही शेतकरी ‘जडी’सारख्या जाड, काटक जातीकडे वळत राहिला. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. जडी लवकर येई, रुईचा उतारा जास्त देई आणि बाजारात अडत्याकडून बनीला मिळणारा जादा भाव तिच्यामागच्या कष्टांच्या मानाने नगण्य असे. लँकेशायरला आखूड धाग्याची ही रुई मनापासून कधीच आवडली नाही. युद्ध संपताच तेथील गिरण्या पुन्हा अमेरिकेकडे गेल्या. वऱ्हाडच्या कापसाला पुढे गिऱ्हाईक मिळाले ते युरोपच्या इतर देशांत, मुंबई-नागपूरच्या गिरण्यांत आणि १८९० नंतर जपानात. ज्या हेतूने ही सारी यंत्रणा उभी राहिली तो हेतू असा फसला, आणि यंत्रणा मात्र टिकली.

गावाच्या पातळीवर ही यंत्रणा साधी होती. सरकारने वऱ्हाडात मुंबईची रयतवारी पद्धत लागू केली, तेव्हा जमीन खातेदाराच्या नावावर आली. नावावर आली म्हणून ती गहाणही ठेवता येऊ लागली. सारा रोखीत भरायचा आणि तोही हप्त्याच्या तारखेला, म्हणून पेरणीआधी सावकार गाठावा लागे. वेचणी झाली की माल त्याच्याच अडतीत जाई. वजनात कटती, दलाली, धर्मादाय असे काय काय वजा होऊन शेवटी हातात येई ती रक्कम. रुमालाखाली बोटे धरून सौदे ठरत, तेव्हा भाव किती ठरला हे मालकालाही नंतरच कळे. त्याच्या वरच्या साखळीत मारवाडी, कच्छी आणि पारशी पेढ्या होत्या, आणि राली ब्रदर्स व स्विस फोलकार्टसारख्या निर्यात कंपन्यांची खरेदी होती. तार आल्यावर लिव्हरपूलचा भाव खामगावला कळू लागला, पण तो आधी पेढीवर कळे, शेतावर नाही.

सरकी काढायचे हातरेचे आणि चरक्या बाजूला पडून वाफेचे जिन आणि प्रेस आले. जिथे स्टेशन तिथे जिन, आणि जिनच्या भोवती वस्ती. घरातली सूतकताई सर्वांत आधी गेली, कारण विलायती सूत स्वस्त पडू लागले. कोष्टी-साळी काही काळ त्याच सुतावर तगले, मात्र साधे कापड मँचेस्टरचे होऊन बसले. पिंजाऱ्याकडे गाद्या उरल्या. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये नागपुरात सुरू झाली, ती कापसाच्या मुलखाजवळ गिरणी टाकण्याच्या हिशेबाने. या गिरण्यांच्या कापडावर १८९६ मध्ये साडेतीन टक्के उत्पादन कर बसवण्यात आला, कारण आयात कापडावर कर लागत असताना लँकेशायरला बरोबरीची वागणूक हवी होती. तो कर १९२५ पर्यंत राहिला.

ज्वारीच्या जमिनीवर कापूस चढत गेला, तशी धान्य विकत घेणारी घरे वाढली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याचा अर्थ उघड झाला. कापूसही बुडाला होता आणि ज्वारी घ्यायला पैसा नव्हता. कडबा नाही म्हणून बैलही गेले.

बाजारातली लूट मात्र इतकी उघड होती की राज्यकर्त्यांनाही तिची दखल घ्यावी लागली. १८८६ मध्ये कारंजा येथे, वऱ्हाडाचा कारभार पाहणाऱ्या हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने, पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजाराच्या समितीत व्यापारी बसले, शेतकऱ्याला जागा मिळाली नाही. तरीही खुला हर्रास, परवाना असलेला अडत्या आणि तपासलेले वजन या तिन्ही गोष्टींची रीत तिथेच पडली. मुंबई इलाख्याने १९२७ मध्ये कापूस बाजार कायदा केला, तो याच धर्तीवर. १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न बाजार समिती कायद्याचे मूळ शोधत गेले तर वाट कारंज्यालाच पोहोचते.

व्यापाराच्या काही खुणा चमत्कारिक ठिकाणी सापडतात. मुंबईच्या हार्बर मार्गावर ‘कॉटन ग्रीन’ नावाचे स्टेशन आहे. मटक्याचा जुगार मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांच्या आकड्यांवर लागे. ते आकडे १९६१ मध्ये येणे बंद झाले तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली.

बाजारातला मध्यस्थच काढून टाकण्यासाठी महाराष्ट्र सरकारने १९७१ च्या कायद्याने आणि १९७२ पासून प्रत्यक्षात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. राज्यातला कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, अडत्या-दलाल मध्ये नाहीत. ज्या वर्षी बाहेर भाव जास्त असे त्या वर्षी केंद्रे ओस पडत आणि कापसाच्या गाड्या मध्य प्रदेश किंवा गुजरातची हद्द ओलांडून जात. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही योजना गुंडाळण्यात आली, आणि माल पुन्हा खाजगी जिनांवर उतरू लागला.