पाठीवरचं लेबल

आपल्या सोसायटीच्या वाचनालयात रहिवाशांनी दिलेली कापडी बांधणीची बरीच जुनी पुस्तकं आहेत. पावसाळा संपला की कपाटाच्या तळाशी त्यांची गळालेली लेबलं सापडतात. पाठीवरचं सोनेरी नाव तर केव्हाच पुसलेलं. मग आजोबांनी दिलेलं पुस्तक बघायला आलेला नातू रिकाम्या हाताने जातो, आणि पुस्तक समोरच उभं असतं!

ही कटकट फक्त आपलीच नाही. इंग्लंडमध्ये १८२०च्या दशकात प्रकाशक चामड्याऐवजी कापडाची बांधणी करू लागले. साध्या कापडातून सरस बाहेर झिरपायचा, म्हणून त्यात खळ भरून ते कडक, गुळगुळीत केलं. त्यावर सोनेरी अक्षरं छान उठायची. वाचकासाठी आकडा चिकटवायचा विचार तेव्हा कोण करतंय?

कारण पुस्तकं बंद कपाटात असत, कारकून काढून देई. १८७६ साली मेल्विल ड्यूई यांचं दशांश वर्गीकरण आलं आणि विषयाचा आकडा पुस्तकालाच मिळाला. मराठी साहित्याचा ८९१.४६. १८९४ मध्ये लंडनच्या क्लार्कनवेल भागात जेम्स डफ ब्राउन यांनी वाचकांना थेट कपाटापाशी सोडलं. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला आणलं. वाचक स्वतः पुस्तक काढणार म्हटल्यावर आकडा पाठीवर दिसायलाच हवा.

तो चिकटवायला मैद्याची खळ असे. कसर लागू नये म्हणून बाइंडर तिच्यात मोरचूद घालत. ओली खळ कापडातल्या खळीला भिजवते आणि दोन्ही एकजीव होऊन वाळतात. १९३५ मध्ये अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी आयत्या गोंदाची लेबलं काढली. काम झटपट झालं खरं, पण हा गोंद धाग्यांच्या वरवरच बसतो, आत मुरत नाही. त्यात पाठ गोल. जाड कागद सरळ व्हायला बघतो आणि कडा सुटतात. वरून सेलोटेप मारणं तर सगळ्यात वाईट. ती पिवळी पडते आणि निघताना कापडाचा रंगही ओढून नेते.

म्हणून आपण परत खळीवर आलो आहोत. पातळ कागद, कोपरे गोल कापलेले, आणि रात्रभर वरून सुती नाडी बांधायची. वाचनालयाच्या टेबलावर अशी बांधलेली पुस्तकं दिसली तर मुलांना सांगा, नाडी सोडू नका.