रंगाच्या धंद्यांतील कर्करोग

पंढरीची यात्रा करून परतणारा वारकरी प्रसादाबरोबर कुंकवाची पुडीही घरीं आणतो. हळदीला टाकणखार व लिंबाचा रस यांचीं पुटें देऊन कुंकू करण्याची रीत जुनी. पुढें बाजारांत कृत्रिम रंगाचें स्वस्त कुंकूही आलें. अशा प्रत्येक रंगास दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु कपाळावर बोटभर लागणारा रंग करणाराच्या हातांस व नाकास दिवसभर लागतो. म्हणून रंगाच्या धंद्याचा इतिहास या क्षेत्रास परका नाहीं.

१७७५ सालीं लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं धुराडीं झाडणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशीं जोडला. १८९५ सालीं फ्रँकफुर्टचे लुडविग रेन यांनीं फुक्सिन हा किरमिजी रंग बनविणाऱ्या कामगारांत मूत्राशयाचीं अर्बुदें नोंदविलीं. बेन्झिडिन व बीटा-नॅफ्थिलअमाइन हीं रंगांचीं कच्चीं द्रव्यें पुढें विशेष घातक ठरलीं. १९५४ सालीं रॉबर्ट केस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ब्रिटिश कामगारांच्या नोंदींवरून दाखविलें, कीं संपर्क व रोग यांत सरासरीनें १५ हून अधिक वर्षें लोटतात. रोग प्रकटतो तेव्हां पुष्कळांनीं तें काम कधींच सोडलेलें असतें.

तपासणीचें मर्म येथेंच आहे. १९४५ सालीं पापनिकोलाऊ व मार्शल यांनीं लघवींतील पेशींवरून रोग ओळखण्याची रीत मांडली. पुढें ती रंग-कामगारांस लावण्यांत आली. लहान, सौम्य अर्बुदें मात्र तिच्या नजरेंतून अनेकदां सुटतात. शिवाय तपासणी रोग लवकर दाखवील; टाळावयाचा तर घातक द्रव्यच कामांतून काढावें लागतें.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ सालीं, भारतीय कारखाने-कायद्यांत दुरुस्ती झाली. धोक्याचीं द्रव्यें हाताळणाऱ्या कामगाराची कामास लावण्यापूर्वीं, आणि पुढें काम चालू असतां व सोडल्यावरही, निदान १२ महिन्यांनीं एकदां तपासणी व्हावी, असें तींत ठरलें. परंतु त्या कायद्यानें 'कारखाना' ठरण्यास विजेवर १० वा विजेवांचून २० कामगार लागत. घरांत व आळींत चालणारे लहान धंदे सामान्यतः त्या व्याख्येबाहेर राहिले.

त्याच १९८७ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. नोंदणी रोग्यांची संख्या सांगते. कारण शोधण्यास रोग्याचा पूर्वीचा धंदाही कळावा लागतो. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनीं १७०० सालींच वैद्यांस सांगितलें होतें, कीं रोग्यास त्याचा धंदा विचारावा. हा प्रश्न विचारण्यास कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं.