विकत घेतलेला गेमिंग कन्सोल खरंच तुमचा असतो का?

समजा, तुम्ही पैसे मोजून कन्सोल घेतला. काही वर्षांनी कंपनीने एक अपडेट पाठवलं आणि त्यातली एक सोयच गायब झाली. २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ वापरणाऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

प्रकरण काय होतं?

२००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये 'इन्स्टॉल अदर ओएस' ही सोय होती. कन्सोलवर लिनक्स टाकून तो कॉम्प्युटरसारखा वापरता यायचा. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर १,७०० हून अधिक कन्सोल जोडून सुपरकॉम्प्युटर उभा केला.

१ एप्रिल २०१० च्या ३.२१ अपडेटमध्ये सोनीने सुरक्षेचं कारण देत ही सोय काढली. अपडेट नाकारता येत होतं, पण मग ऑनलाइन खेळणं बंद. म्हणजे ज्या दोन सोयींचे पैसे आधीच भरलेत, त्यातली एकच ठेवा!

पुढे काय झालं?

जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ या हॅकरने कन्सोलच्या सुरक्षेची गुप्त किल्ली जाहीर केली. सोनीने त्याच्यावर खटला भरला आणि काही महिन्यांत तडजोड झाली. ग्राहकांनीही सोनीवर दावा ठोकला. २०१६ मध्ये सोनीने भरपाई द्यायचं मान्य केलं, पण सोय परत आली नाही.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्यानुसार डिजिटल कुलूप तोडणं बेकायदा आहे, मग वस्तू तुमची का असेना. २०१० मध्ये मोबाइलच्या जेलब्रेकिंगला सूट मिळाली. कन्सोलसाठीची मागणी मात्र २०१२ मध्ये पायरसीच्या भीतीने फेटाळली गेली. २०२१ मध्ये फक्त डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती सूट मिळाली. याउलट ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच मॉड चिप विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता.

आणि भारतात?

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये कलम ६५अ आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इथे हेतू महत्त्वाचा आहे. पायरेटेड गेम चालवणं वेगळं आणि स्वतःच्या मशीनवर लिनक्स टाकणं वेगळं.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. कायद्याने अडवलं नाही, तरी कंपनी वॉरंटी नाकारू शकते किंवा ऑनलाइन अकाउंट बंद करू शकते. त्यामुळे कन्सोल उघडण्याआधी अटी नक्की वाचा.